नाकेदारांचं वेगळं मंडळ

चढ आला की ते घोडीवरून उतरत. लगाम हातात घेत आणि घोडीच्या बरोबरीनं पायी चालू लागत. चढ संपला तरी चालतच राहत, कारण तोवर रस्त्यात कुणीतरी भेटलेलं असे आणि त्याच्याशी वाद सुरू झालेला असे.

कापसाच्या गाड्या घेऊन जाणारे गाडीवान हसत. "नाकेदार, घोडी असून पायी कायले चालता जी?"

"थे दमली."

"मंग तुमी नाही दमत काय?"

"मी दमलो तं बोंबलतो. थे बोंबलत नाही."

असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. ज्याच्याशी पटत नाही आणि ज्याच्यावाचून करमतही नाही असा. आमच्या पांढरकवड्याला हे नाकेदार होते. जंगलखात्यात नाक्यावर नोकरी करून पेन्शनीत आलेले. त्यांचं खरं नाव मी इथं लिहीत नाही, आणि लिहिलं तरी गावात कुणाला ओळख पटेल असं वाटत नाही. सगळे त्यांना नाकेदारच म्हणत. खात्याचा खाकी कोट त्यांनी परत केला नव्हता. सकाळी उठून ते आधी कोटाची पितळी बटणं घासत आणि मग तोंड धूत.

ते संत नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. भांडखोर होते. स्वतःची स्तुती स्वतः करत, दुसऱ्यानं केली तर ती कमी पडली म्हणून दुरुस्त करत. आणि कुठल्याही बैठकीत त्यांच्या मनाविरुद्ध झालं, की कोट झटकून उठत आणि म्हणत, "आपन आपलं येगळं काढू."

भजनी मंडळ, वाचनालय, गणपती, सगळ्यांतून त्यांनी एकेकदा वेगळं काढून पाहिलं होतं. त्यांच्या घरच्या बाई म्हणायच्या, "माह्या घरातून बी दोनदा येगळं काढलं यायनं. सांजच्याले भाकर माह्याच चुलीवरची खाल्ली."

त्यांची घोडी मैना. पांढरीशुभ्र, पोटानं जराशी सुटलेली. लग्नसराईत ती वरातीला जायची. आमच्या पिढीच्या बहुतेक नवरदेवांनी मोकळेपणाची शेवटची हवा तिच्याच पाठीवर खाल्ली आहे. आमच्याकडे नवरदेव घोडीवर बसला की मांडवात जाण्याआधी मारोतीला जातो. पुढं बँड, मागं बाया. देवळापाशी नवरदेव उतरून पाया पडतो, पुजारी घोडीला गुळाचा खडा देतो, आणि मग वरात वळते. मैनाला हा विधी पुजाऱ्यापेक्षा जास्त पाठ होता. ढोलावर पहिली थाप पडली की तिची मान कमानीसारखी व्हायची, पावलं आखूड पडायची, आणि मग तिला मारोतीशिवाय काही दिसायचं नाही.

पण नाकेदारांचा जीव वरातीत नव्हता. त्यांचा जीव लांब पल्ल्यात होता. जंगलात बीटावर फिरताना त्यांनी आयुष्यभर तेच केलं होतं. सकाळी निघायचं, दिवसभर वाट कापायची, आणि संध्याकाळी घोडी जशी नेली तशी परत आणायची. "घोडी धावडवाले काय अक्कल लागते?" ते म्हणत. "सांजच्याले घोडीनं वैरनीले तोंड लावलं पाह्यजे. नाही लावलं तं तुमी बसले नव्हते, तुमी लदले होते."

आता आमच्या मंडळाविषयी. एकोणीसशे छप्पन-सत्तावनच्या सुमाराला गावात एक अश्वारोहण मंडळ निघालं. अध्यक्ष वकीलसाहेब. त्यांनी नागपूरहून घोडेस्वाराची तंग तुमान, बिर्जीस, शिवून आणली होती, चाबूक आणला होता, गुडघ्यापर्यंतचे बूट आणले होते. घोडा मात्र नव्हता. त्यांच्या मते ती नंतरची गोष्ट होती. सचिव मी. मी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनमध्ये कारकून होतो आणि माझं अक्षर चांगलं होतं. घोड्यावर मी एकदाच बसलो आणि दुसऱ्या बाजूनं उतरलो. हे मी सचिवपदासाठी उभा राहताना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

दर रविवारी जिनपासून डाक बंगल्यापर्यंत घोडी धावडवायची, मग डाक बंगल्याच्या ओट्यावर चहा-चिवडा आणि भाषण, असा मंडळाचा कार्यक्रम असे. सगळ्यात उंच घोडा देशमुखांच्या मुलाचा, म्हणून सगळ्यात जास्त चिवडाही त्यालाच मिळायचा. नाकेदार मागच्या खुर्चीवरून गुरगुरत.

"वकीलसाहेब, हे घोडेस्वारी नाही. हे चहापानी हाय. लांब पल्ला शिकवा पोरायले."

वकीलसाहेबांनी लांब म्हणजे किती हे ठरवायला उपसमिती नेमली. उपसमिती टांग्यातून पाहणी करून आली आणि रस्ता खराब आहे असा अहवाल दिला. तो अहवाल मीच लिहिला. टांग्यातही मी होतो.

मग गुरुजींचा अर्ज आला. हे गुरुजी मारेगावच्या वाटेवरच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवत. रोज शाळेपर्यंत पायी जात आणि पायी येत, पावसाळ्यात चपला हातात घेऊन. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेलं त्यांचं घर. शांत माणूस, पण शांतपणे असं बोलायचे की समोरच्याला रात्री झोपताना लागावं. त्यांना घोडेस्वारी शिकायची होती. मंडळानं नाही म्हटलं नाही. मंडळ असं काही म्हणत नसे. अर्जाचा विचार पुढच्या सभेत करावा, असं ठरलं. पुढच्या सभेत तेच ठरलं. त्याच्या पुढच्या सभेत नाकेदार उठून उभे राहिले.

"काहून?"

चिवड्यातले दाणे वेचण्याचा आवाज तेवढा येत होता.

"मी इचारून राह्यलो, काहून? घोडे नाहीत, तं माही मैना हाय. जागा नाही, तं ओटा गंज मोठा हाय. मंग काहून?"

वकीलसाहेबांनी चष्मा पुसला. "नाकेदार, तुम्हीच विचारता म्हणून सांगतो. ह्याच गुरुजींच्या थोरल्या भावाच्या लग्नात तुमची घोडी मागायला आले होते. तेव्हा तिला पोटशूळ झाला होता. नाही का?"

सभा हसली. मीही हसलो. नाकेदारांनी कोटाचं वरचं बटण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"झूट बोललो होतो मी," ते म्हणाले. "घोडीचं पोट ठीक होतं. गाव पुढं मैनेले बोलावनार नाही, म्हनून भेलो." मग त्यांनी कोट झटकला. "तुमी बसा. आपन आपलं येगळं काढू."

त्याच संध्याकाळी ते गुरुजींच्या घरी गेले. मी रस्ता दाखवायला बरोबर होतो. गुरुजींनी ओसरीवर घोंगडी टाकली, पाणी दिलं, आणि शांतपणे विचारलं, "घोडीचं पोट कसं आहे आता?"

नाकेदारांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "आता ठीक हाय. उद्या पहाटे या. धोतर घालून येऊ नका, घसरता."

असं ते वेगळं मंडळ निघालं. गुरुजी, टपालाचा थैला नेणारा एक बंजारा तरुण, कोलामांच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा, एक तट्टूवाला, आणि घरी भांडून आलेला कापडदुकानदाराचा मुलगा. नाव ठेवलं स्वतंत्र लांबपल्ला अश्वारोहण शिक्षण मंडळ. एवढं नाव रबरी शिक्क्यात मावेना, तेव्हा शेवटचा 'मंडळ' हा शब्द गाळला. सचिव पुन्हा मीच, कारण अक्षर. जुनं मंडळही मी सोडलं नव्हतं. त्यामुळे सकाळी मी जुन्या मंडळातर्फे नव्या मंडळाला कडक पत्र लिहायचो आणि संध्याकाळी नव्या मंडळातर्फे त्याला सडेतोड उत्तर द्यायचो. दोन्हीकडे माझ्या भाषेचं कौतुक व्हायचं. मला दोन्हीकडे लाज वाटायची, पण कौतुक जरा आधी पोचायचं.

शिक्षण मात्र खरं होतं. नाकेदार रस्त्याच्या कडेनं ओरडत चालत. "गुरुजी, शाळेत पोरायले शिकवा, घोडीले नका शिकवू. थे शिकलेली हाय! लगाम ढिला सोडा. तिचा दम आयका. चढ आला, उतरा! तुमच्या वजनाचं पोतं तुमी उचललं असतं काय ह्या चढावर?" वाटेत पाणी द्यायचं, पण थोडं थोडं. ह्या थोड्या पाण्यावरूनच कापडदुकानदाराच्या मुलाचं बिनसलं. वाटेत पाणी पाजलं की घोडा सुस्तावतो, असं त्याचं मत. त्यानं कोट झटकला, शिकला होता कुणाकडून ते उघडच आहे, आणि आपलं तिसरं मंडळ काढलं. नाकेदार दोन दिवस जेवले नाहीत. "अशी फूट पाडनं शोभते काय?" असं मलाच विचारत होते.

जागेचे मात्र हाल होते. रस्त्यावर गाडीवानांच्या शिव्या, खुनी नदीच्या काठावर पावसाळ्यात चिखल. अशात आमच्या जिनच्या शेठजींनी जाहीर केलं, की जिनमागचा जुना गाडीतळ ते घोडेस्वारीसाठी देतील. विहीर, दगडी हौद, मोठं कडुनिंबाचं झाड, सगळं त्यात आलं. पण मंडळं तीन आणि गाडीतळ एक. म्हणून शर्यत ठरली. राळेगावहून निघायचं, वडकी, करंजी करत पांढरकवड्याला यायचं. करंजीला ढोरांचे डॉक्टर घोडे तपासतील, शेवटी पुन्हा तपासतील. ज्याचा घोडा आधी आणि धडधाकट पोचेल, त्याच्या मंडळाचा गाडीतळ.

नाकेदार रोज सांजच्याला त्या गाडीतळाच्या फाटकाशी जाऊन उभे राहू लागले. "फाटक खुलं ठेवीन मी, बाबू," ते मला म्हणाले. "ज्याच्याजवळ घोडं हाय थो येईन. ज्याच्याजवळ नाही थो मैनेवर बसन. कोनं अर्ज नाही करायचा." एवढ्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मैनेवर गुरुजी बसणार, हे त्यांनीच ठरवलं. म्हणाले, माहा गुडघा दुखते. त्याच दिवशी मी त्यांना कडुनिंबावर चढून डहाळ्या तोडताना पाहिलं होतं.

शर्यतीच्या दिवशी थंडी होती. बाजाररस्त्याच्या तोंडाशी मी चुन्याच्या फक्कीची रेघ मारली. रेघेच्या अलीकडे डाव्या हाताला मारोतीची गल्ली. वकीलसाहेब बिर्जीस घालून आले होते, आणि देशमुखांच्या मुलाच्या स्वागतासाठी त्यांनी बँड सांगितला होता. नाकेदार कोट घालून, पाण्याची बादली घेऊन रेघेपाशी उभे. दुपार कलल्यावर करंजीकडून एसटी आली. ड्रायव्हरनं खिडकीतून मुंडकं काढून ओरडून सांगितलं, "देशमुखाचा घोडा करंजीले अडकला! डाक्टरनं धरून ठेवला, पानी बी पिऊन नाही राह्यला! पांढरी घोडी येऊन राह्यली, मास्तर पायी चालून राह्यला चढावर!"

नाकेदार बादलीतलं पाणी हातानं हलवत राहिले.

बँडमास्तरनं वकीलसाहेबांकडे पाहिलं. "साहेब, वाजवू काय?"

"थांबा जरा," वकीलसाहेब म्हणाले. ते एवढंच म्हणू शकत होते.

आणि वळणावर मैना दिसली. धुळीनं भरलेली, पण कान ताठ. पाठीवर गुरुजी, अंगावर पांढरा सदरा. बँडवाल्यांचा दोष मी कधीच धरला नाही. किती वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं, पांढरी घोडी आणि तिच्यावर पांढऱ्या कपड्यातला माणूस. बँडमास्तरचा हात आपोआप वर गेला. ढोलावर थाप पडली. वरातीची चाल सुरू झाली.

रेघ अगदी समोर होती. मैनाची मान कमान झाली. पावलं आखूड झाली. आणि राळेगावपासून चालत आलेली ती घोडी, जणू आत्ताच जानवशाहून निघाली आहे अशी ठुमकत, मारोतीच्या गल्लीकडे वळली. गुरुजींनी लगाम ओढून पाहिला. बँडवाले सवयीनं धावत तिच्या पुढं झाले आणि वाजवत चालू लागले.

नाकेदार बादली टाकून धावले. त्यांनी लगाम धरला. मागं वळणावर कापडदुकानदाराच्या मुलाचा घोडा दिसू लागला होता. "ओढा, नाकेदार! ओढा!" सगळे ओरडत होते. मीही ओरडत होतो. मैनेनं दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं, त्यांचं ऐकलं असतं. एक हिसका, आणि गाडीतळ त्यांचा होता.

त्यांनी वर गुरुजींकडे पाहिलं. मग समोरच्या गल्लीकडे पाहिलं. दोन्ही बाजूंना दुकानं, ओटे, माड्या, तीच गल्ली, जिच्यातून गावातला प्रत्येक नवरदेव मैनेवर बसून गेला होता, आणि गुरुजींच्या घरचा एकही गेला नव्हता. नाकेदारांनी कोटाचं वरचं बटण लावलं. लगाम डाव्या हातातून उजव्या हातात घेतला, वरातीला घेत तसा. आणि घोडीच्या पुढं चालू लागले.

"नाकेदार, रेघ!" मी ओरडलो.

"रेघ कुठी पळून नाही जात, बाबू," ते मागं न पाहता म्हणाले.

मी त्यांच्या मागोमाग गेलो, म्हणून पुढचं सांगू शकतो. धान्यदुकानदार नवरदेवाला करतात तसा नमस्कार करायला उठला, हात अर्धे जोडल्यावर वर कोण बसलंय ते त्याला दिसलं, आणि त्या हातांचं काय करावं हे न कळून त्यानं डोकं खाजवलं. दोघांनी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. एक म्हातारी आजी बँड ऐकून तांब्या घेऊन बाहेर आली आणि रीतीप्रमाणे तिनं मैनाच्या पायांवर पाणी घातलं. मग मान वर केली. तांब्यात उरलेलं पाणीही घातलं आणि आत गेली.

देवळापाशी मैना थांबली. पुजारी गुळाचा खडा घेऊन बाहेर आला आणि पायरीवरच थिजला.

"नाकेदार, मी देवळात जात नसतो," गुरुजी वरूनच म्हणाले.

"तुमाले कोन जा म्हनते? गूळ तिचा हाय."

मैना पुजाऱ्याच्या हाताकडे बघत, कान टवकारून उभी. बँड थांबलेला. गुरुजींनी वाकून तिच्या मानेवरची धूळ झटकली आणि एकदम हसले. "हिनं अजून दीक्षा घेतली नाही वाटते."

पहिला बँडमास्तर हसला, मग नाकेदार, कोट हलेपर्यंत. पुजाऱ्यानं द्यावं की न द्यावं हे ठरवण्याआधीच मैनेनं मान लांब करून खडा उचलला होता.

तिकडे कापडदुकानदाराच्या मुलाच्या घोड्यानं रेघ ओलांडली आणि तो तिथंच बसला. डॉक्टरांनी त्याला बाद केलं. मग मैना आली. रेघ ओलांडून ती पाणी प्यायली आणि तिनं वैरणीला असं तोंड लावलं, की डॉक्टर तपासायला गेले तर त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

त्या रात्री शर्यतीच्या समितीची सभा झाली. वकीलसाहेबांनी मांडलं की पांढऱ्या घोडीनं धार्मिक कारणासाठी शर्यतीचा मार्ग सोडला, सबब बाद. गुरुजींनी शर्यतीत मारोतीची मिरवणूक काढली, असा त्याचा अर्थ होत होता. तो मी स्वच्छ अक्षरात लिहिला. कुणीच जिंकलं नाही म्हणून गाडीतळ जुन्या मंडळाकडे तात्पुरता सोपवला. त्यांनी तिथं बॅडमिंटनची जाळी बांधली आणि फाटकाला कुलूप लावलं.

मी नाकेदारांना सांगायला गेलो. ते मैनाचे खूर साफ करत होते. "बरं झालं," ते म्हणाले. "फाटकाची राखन कोन करत बसलं असतं?" पण दुसऱ्या दिवशी सांजच्याला मी जिनमधून निघालो तेव्हा ते कुलपाकडे पाहत फाटकाशी उभे होते. मी दुसऱ्या वाटेनं गेलो.

नंतर त्यांनी पुन्हा वेगळं काढलं, नदीच्या काठावर. मी लेखणी घेऊन पोचलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबू, तुमचं अक्षर गंज चांगलं हाय. म्हनूनच नको." त्या मंडळाला नाव नव्हतं, शिक्का नव्हता, सचिव नव्हता. म्हणून त्यांनी काय केलं याची कुठं नोंद नाही. लोक वाढत होते, एवढं येताजाता दिसायचं.

मोठ्या घरांची बोलावणी मैनाला बंद झाली. "यंदा साधंच लग्न आहे," लोक म्हणत आणि मांडवात बँड वाजत असे. पण गुरुजींच्या धाकट्या भावाच्या लग्नात मैना होती. मारोतीच्या गल्लीपाशी ती अडून बसली तेव्हा नाकेदारांनी कोटाच्या खिशातून गूळ काढून तिला दिला आणि म्हणाले, "चाल बाई, झाला तुहा मारोती." तेव्हापासून त्या खिशाला कायम मुंग्या असत.

दोन-तीन वर्षांनी एका हिवाळ्यात ते गेले. घरातल्या बाईंनी मैना गुरुजींच्या दारात नेऊन बांधली. कोट बाईंनी ठेवून घेतला.

परवा मी राळेगावहून एसटीनं येत होतो. करंजीच्या अलीकडे चढावर गाडी कण्हत कण्हत चढत होती, तेव्हा पुढं रस्त्याच्या कडेनं घोड्यांची रांग दिसली. तट्टं, एक खेचर, आणि सगळ्यांत शेवटी, पोटानं सुटलेली म्हातारी पांढरी घोडी. एकाही पाठीवर कुणी नव्हतं. सगळे लगाम हातात धरून पायी चालले होते. गुरुजी मैनाच्या बाजूला होते, तिच्याइतकेच हळू.

गाडीत हशा पिकला. "पाहा बाप्पा! घोडे असून पायी चालून राह्यले!"

शेजारचा शेतकरी मला म्हणाला, "कोन्या मंडळाचे व्हय जी हे?"

मी खिडकीतून मागं बघत होतो. चढ संपला होता. तरी ते अजून चालतच होते.

"ते वेगळे आहेत," मी म्हणालो.